लेट-बाथ अटॅच

आमच्या मल्टीची लिफ्ट गेल्या श्रावणात बंद पडली, आणि ती पुन्हा चालू करायची असते हे नंतर कुणाच्या लक्षात राहिलं नाही. (इंदुरात बहुमजली इमारतीला मल्टी म्हणतात. ‘आमची मल्टी’, ‘त्यांची मल्टी’, ‘मल्टीवाले’. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसबहिणीला दोन दिवस वाटत होतं, की मल्टी ही कुणी बाई आहे आणि आम्ही सगळे तिच्याकडे भाड्यानं राहतो.) आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. लिफ्टसाठी सोसायटीच्या चार बैठका झाल्या. पाचवी होऊ शकली नाही, कारण अध्यक्ष पाचव्या मजल्यावर राहतात आणि ते जिने उतरायला तयार होईनात. त्या रात्री यजमानांनी जाहीर केलं, घर बदलायचं.

यजमान बँकेतून निवृत्त झालेत. नोकरीतली शेवटची अकरा वर्षं त्यांनी लोकांच्या गृहकर्जाची प्रकरणं तपासली. त्यामुळे घर म्हटलं की इतरांना दार, खिडकी, अंगण दिसतं. यांना आधी खोट दिसते. कुणाच्या वास्तुशांतीला गेलो तरी हे पेढा तोंडात टाकता टाकता भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघतात. तेव्हा घर शोधायचं ठरल्यावर त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर अटींची यादी केली, यात नवल नव्हतं. पहिली अट आईंची, म्हणजे सासूबाईंची, आणि तीही शुद्ध इंदुरी भाषेत: लेट-बाथ अटॅच, म्हणजे संडास-न्हाणी खोलीला लागून. दोन्ही खोल्यांना. त्यावर चर्चा नाही. मग लिफ्ट, आणि तीही चालणारी. गाडीला वरून छप्पर असलेली जागा. पूर्वेचं दार. कागद स्वच्छ, मालक एकच, आणि तो शक्यतो जिवंत. शेजार शांत. खाली माझ्या अक्षरात एक भर होती: स्वयंपाकघरात उजेड.

यादीबरोबर यजमानांच्या खिशात दोन वस्तू असत. एक मोजायची टेप आणि दुसरी गोटी. हिरव्या काचेची, आत पिवळी पाकळी असलेली, आमच्या लेकीच्या लहानपणची. नव्या घरात शिरलं की हे गुडघ्यावर बसत, गोटी हलकेच जमिनीवर ठेवत आणि श्वास रोखून बघत. गोटी घरंगळली तर फरशी उताराला बसलीय, म्हणजे ठेकेदार चोर. तेवढ्यावर घर नापास.

दलाल आमच्याहून लहान, म्हणून आम्ही त्याला भिया म्हणत होतो. तो यांना भियाच म्हणत होता. इंदुरात सगळेच एकमेकांचे भिया असतात, त्यामुळे घासाघीस करताना कुणाला राग येत नाही आणि भावही उतरत नाही. या भियानं आम्हाला निपानिया दाखवलं, बिचोली मर्दाना दाखवलं, बायपासच्या अलीकडचं आणि पलीकडचं दाखवलं, स्कीम नंबर अमुक आणि स्कीम नंबर तमुक दाखवल्या. आमच्या शहरात मोहल्ले आकड्यांनी ओळखले जातात. ‘काकू कुठं राहायला गेल्या?’ ‘चौऱ्याहत्तरमध्ये.’ परक्याला हे काकूंचं वय वाटावं. टाउनशिपना नावं मात्र इटलीतली आणि स्पेनमधली. फाटकावरच्या रखवालदाराला स्वतःला ते नाव उच्चारता येत नाही. तो ‘बडी बिल्डिंग’ म्हणतो आणि सुटतो.

सॅम्पल फ्लॅट हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. पलंग अर्धा फूट आखूड, म्हणजे खोली मोठी वाटावी. टेबलावर सहा जणांची ताटं मांडलेली आणि मधे परडीत सफरचंदं. आईंनी त्यातलं एक उचलून नखानं टोकरून पाहिलं आणि परत ठेवताना म्हणाल्या, “हेही असंच आहे.” ‘हेही’ म्हणजे काय ते भियाला कळलं नाही, पण त्याचा चेहरा पडला.

त्या चार महिन्यांत आम्ही चौदा फ्लॅट पाहिले आणि माझ्या लक्षात आलं, की आम्ही वरपक्षासारखे वागतोय. मागे रेलून बसायचं, चहा आला की ‘कशाला उगीच’ म्हणत प्यायचा, आणि बाहेर पडताना ‘कळवतो’ म्हणायचं. मुलगी गोरी होती पण नाक बसकं, ही उंच पण दात पुढे, तसंच आमचं. सुपर कॉरिडॉरवरचा एक फ्लॅट आम्ही विमानतळ दिसतो म्हणून नाकारला आणि महालक्ष्मी नगरातला एक, खिडकीतून काहीच दिसत नाही म्हणून. गोटीबद्दल मात्र तक्रार नव्हती. चौदाही घरांत ती ठेवली तिथं, सत्कारमूर्तीसारखी, गप्प बसून राहिली.

पंधराव्या घराची गोष्ट निराळी.

त्या दिवशी आम्ही खजुरी बाजारात पुतण्याच्या मुलाची शाळेची पुस्तकं घ्यायला गेलो होतो. भिया तिथंच भेटला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जाता जाता म्हणाला, “इधर मल्हारगंज में एक मकान और है, पर वो आपके काम का नी है.” हे वाक्य त्यानं सहज उच्चारलं की त्यामागे पिढीजात विद्या होती, ते मला अजून कळलेलं नाही. ‘तुमच्या कामाचं नाही’ असं म्हटल्यावर न बघणारा माणूस इंदुरात जन्माला यायचा आहे.

गल्ली इतकी अरुंद, की समोरून गाय आली तर एकानं कुणाच्या तरी दारात शिरायचं, आणि ते बहुधा आपण. पुढे दगडी ओटला. ओटल्यावर एका टोकाला शिंप्याचं मशीन, दुसऱ्या टोकाला तीन म्हातारे आणि त्यांच्यामधे सेव-परमलचा कागद. वर लाकडी जाफरीची गॅलरी, रस्त्याकडे किंचित झुकलेली, खाली काय चाललंय ते नीट दिसावं म्हणून झुकल्यासारखी. होळकरशाहीतलं बांधकाम, शंभराच्या आसपास वय. यजमान सहा फुटांच्या अलीकडचे आणि दरवाजा साडेपाचच्या. खाडकन डोकं आपटलं. कपाळ चोळत त्यांनी वर चौकटीकडे पाहिलं, तिच्यावरच्या कोरीव वेलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “वा!”

डोकं आपटल्यावर माणूस ‘वा’ म्हणतो, हे एकतीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या फ्लॅटमध्ये याच माणसाचा खांदा कपाटाला घासला तर सुतार, बिल्डर आणि माझं माहेर अशा क्रमानं उद्धार होतो.

आत ओसरी, मग चौक, चौकात तुळस आणि फरशीनं झाकलेली विहीर. ओसरीत कडीपाटाचं छत, झोपाळ्याच्या चार लोखंडी कड्या, झोपाळा नाही. यजमानांनी सवयीनं गुडघा टेकला आणि गोटी ठेवली.

गोटी क्षणभर थांबली. मग निघाली. आधी हळू, मग बेतानं, मग घाईत असल्यासारखी. ओसरीच्या मध्यापर्यंत सरळ गेली, तिथं एक फरशी खचली होती तिला वळसा घातला, उंबऱ्यावरून टुणकन उडी मारली, चौकात उतरली, तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घातली आणि कोपऱ्यातल्या मोरीच्या भोकात शिरून दिसेनाशी झाली. खालून बराच वेळ टण्‌टण्‌ असा आवाज येत राहिला. मी यजमानांकडे पाहिलं. आता वही निघणार, ‘उतार: गंभीर’ अशी नोंद होणार.

ते हसत होते. गुडघ्यावर बसूनच. आठ वर्षांच्या मुलासारखे.

तिथंच आमचं काम झालं. काही क्षणांत आम्ही वरपक्षाचे वधूपक्ष झालो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात खोटी काढणारा माणूस त्या घराची बाजू मांडू लागला, आणि तीही घरानं वकीलपत्र न देता. आत अंधार होता, त्याला हे ‘गारवा’ म्हणाले. भिंतीला ओल होती. चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणाले. दारांच्या फटींतून बोट जात होतं. तर हवा कशी खेळती आहे बघ. आणि संडास? चौक ओलांडून, तुळशीमागून, दोन पायऱ्या चढून, पत्र्याच्या दाराआड. यांनी टेप लावून अंतर मोजलं: माजघराच्या दारापासून एक्केचाळीस फूट. “तेवढीच शतपावली,” म्हणाले.

मी शहाणी होते असं म्हणायला मला आवडलं असतं. पण स्वयंपाकघरात भिंतीतलं एक कपाट होतं. त्याचं दार उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं धोब्याचा हिशोब लिहिलेला. लुगडी चार, धोतरं सहा, पंचे तीन. त्याखाली दुसऱ्या आठवड्याचा. त्याखाली तिसऱ्या. बारीक, तिरपं, घाईतलं बायकी अक्षर. एका ओळीपुढे लिहिलं होतं, ‘पंचा १ येणे’. पुढच्या सगळ्या ओळी मी बोटानं खालपर्यंत वाचत गेले. तो पंचा परत आल्याची नोंद कुठंही नव्हती. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, लुगडी नेसणाऱ्या त्या घरात आता लुगडं नेसणारं कुणी उरलेलं नाही, आणि मी मात्र तिच्या पंचासाठी धोब्यावर संतापून तिथं उभी. स्वयंपाकघरात उजेड नव्हता, हे मला घरी आल्यावर आठवलं.

घरात मालकांपैकी एकच राहत होत्या, एक काकू. त्यांनी चहा केला आणि घर दाखवण्याआधी आम्हालाच तपासलं. आडनाव? मूळचे कुठले? रामबागेत अमके होते ते कोण? सानंदच्या नाटकांना कुठल्या गटात बसता? तेरा मिनिटांत त्यांनी माझ्या आत्तेसासूबाईंचं लग्न आणि त्यांच्या चुलतदिरांची मुंज एका मांडवात आणून बसवली. नव्या टाउनशिपमध्ये आधार कार्डाची झेरॉक्स मागतात, इथं कुळी. “तुम्ही घेतलंत तर बरं होईल,” काकू म्हणाल्या. एवढ्यावर यजमानांनी मनातल्या मनात बयाणा देऊन टाकला.

एक अडचण होती. मालक सतरा. वडिलोपार्जित घर, वाटणी न झालेली, दोन शाखांचा आपसांत दावा, पुढच्या खोलीत शिंपी तीन पिढ्यांपासून, महिना साठ रुपये भाड्यानं, आणि तेही दिवाळीला एकदम. अशी फाईल यांच्या टेबलावर आली असती तर त्यांनी ती हसत हसत परत केली असती, वर शिपायालाही दाखवली असती. आता म्हणाले, “कागद काय गं, होतात हळूहळू.”

इथं मला होळकरांबद्दल थोडं बोलायचंय, कारण इंदुरात घराचा विषय निघाला की तो राजवाड्यावर जातोच. राजवाडा सातमजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटलं तेव्हा तो जळाला, १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळाला, पुन्हा उभा केला. सात मजले, आणि लिफ्टसाठी दरबारात बैठक भरल्याचं कुठल्याही बखरीत नाही. मग लालबाग: १८८६ ते १९२१, टप्प्याटप्प्यानं बांधलेला, फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवरचं. म्हणजे यशवंतराव होळकर दुसरे गादीवर आले तेव्हा जुन्या, देखण्या, नक्षीदार घरांची त्यांना ददात नव्हती. त्यांनी काय केलं? विशीतल्या राजानं विशीतल्याच एका जर्मन वास्तुकाराला, एकार्ट मुथेसियसला, बोलावलं आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग बांधून घेतला. सरळ रेषा, काच, धातूच्या नळ्यांच्या खुर्च्या, वातानुकूलन. नक्षीचा एक वेल नाही. ज्याच्याकडे जुनं होतं त्याला नवं हवं होतं, आणि ज्यांच्याकडे नवं आहे ते आम्ही मोरीत गोटी गेली म्हणून हसतोय. माणिकबागेतलं ते जगप्रसिद्ध सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात निघालं आणि वास्तूत पुढे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आलं. आपल्या सॅम्पल फ्लॅटचंही पुढेमागे काय होणार, याची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

घरी येऊन आम्ही आईंना सांगितलं. म्हणजे यांनी सांगितलं. मी कांदा चिरत राहिले. ओटला, झोपाळ्याच्या कड्या, तुळस, विहीर. आई ऐकत होत्या. यांचं वर्णन संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“संडास कुठाय?”

“मागे. म्हणजे, चौकाच्या पलीकडे.”

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जपमाळ खाली ठेवली. त्यांचं लग्न झालं ते जुन्या इंदुरातल्या वाड्यात. नर्मदेचं पाणी शहरात आलं १९७८ मध्ये. त्याआधीची सगळी वर्षं त्यांनी कोपऱ्यावरच्या नळावर रांगेत काढली. पहाटे चारला हंडे मांडायचे, पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन मागच्या दारी जायचं, बाळंतपणातसुद्धा. “चौक फार छान दिसतो रे,” त्या म्हणाल्या, “वरून. मी तो खालून सारवलाय.” आणि थोड्या वेळानं, आतल्या खोलीतून, “मी एकोणीसशे एक्क्याऐंशीत तुझ्या वडिलांच्या मागे लागून वाडा सोडला तो याच एका गोष्टीसाठी. तू आता मला परत नेऊन बसव तिथं.”

वाड्याचं कौतुक करणारी जी माणसं मला आजवर भेटली, त्यांतल्या बहुतेकांनी त्यात पाणी भरलेलं नाही. मीही नाही.

पण यजमान हरणारे नव्हते. त्यांनी पुस्तकं आणली. त्यांतून पॅट्रिक गेडिस निघाला. हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरात आला. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. शहरात प्लेग होता. लोकांनी घरं साफ करावीत म्हणून यानं दिवाळीत मोठी मिरवणूक काढली आणि आधीच जाहीर केलं, की जिथली घरं सगळ्यांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली, त्या रस्त्यांवरून ती जाईल. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, तो शेवटी जाळला. पुढे २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, म्हणजे अहवाल आणि बक्षीस यांत फक्त नव्व्याण्णव वर्षं गेली. सरकारी कामाच्या मानानं हे वेळेतच म्हणायचं. पण यांना हवा होता तो गेडिसचा दुसरा मुद्दा. रुंद रस्त्यांसाठी जुनी वस्ती सरसकट पाडू नका; जेवढं सडलंय तेवढंच कापा, बाकी घरं दुरुस्त करून राखा, असं तो सांगत असे. हे आमच्याकडे रोज जेवताना ऐकवलं जाऊ लागलं. ‘गेडिस म्हणतो’ अशी सुरुवात झाली की मी वरण वाढायला उठत असे.

चौथ्या दिवशी आईंनी विचारलं, “तो साहेब स्वतः वाड्यात राहिला होता का?”

गेडिसचं न ऐकल्याचा परिणाम मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय. बडा गणपती ते कृष्णपुऱ्याच्या रस्तारुंदीकरणात घरांचे पुढचे भाग कापले गेले तेव्हा केकचा काप काढावा तशी घरं आतून दिसत होती. एका दुसऱ्या मजल्यावर निळ्या भिंतीचं अर्धं स्वयंपाकघर उघडं पडलं होतं. फळी तशीच, आणि फळीखाली कॅलेंडरचा खिळा. खाली रिक्षा थांबवून लोक वर बघत होते. कुणाचं तरी ते खासगी निळेपण भररस्त्यात बघताना मला उगीच मान खाली घालावीशी वाटली.

मग भाचा आला. तो स्थापत्य अभियंता, इथल्याच एसजीएसआयटीएसचा. त्यानं घराच्या किल्लीनं तुळया ठोकल्या, एका खांबात पेन्सिल खुपसली, ती अर्धी आत गेली. “मामा, वाळवी आहे.” मग वरच्या मजल्यावर उडी न मारता नुसतं वजन टाकून पाहिलं. सागवान चांगलं आहे, भिंती दोन फुटी, पाया भक्कम. पण वरचा मजला उतरवावा लागेल, कवेलू बदलावे लागतील, चौकातलं पाणी कुठं मुरतंय ते शोधावं लागेल. त्यानं खर्चाचा आकडा सांगितला. तो घराच्या किमतीपेक्षा मोठा होता. यजमान घरी येताना गाडीत म्हणाले, “हुशार आहे, पण काँक्रीटचा आहे तो.” सख्ख्या भाच्याबद्दल!

त्याच्यावर उतारा म्हणून यांनी एक म्हातारा मिस्त्री गाठला. त्यानं भिंतीचा पोपडा बोटावर घेतला, जिभेला लावला. हो, जिभेला. आणि जुन्या चुन्यात काय काय घालत ते सांगितलं: गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ, मेथीचं पाणी. चुना घाण्यात दिवसचे दिवस मळायचा, तेव्हा तो धरतो. हे घरी येऊन उत्साहानं सांगितलं तर आई म्हणाल्या, “म्हणजे भिंतींना बाळंतिणीचे लाडू घातलेत. मग वाळवी का नाही येणार?”

आणि रंगपंचमी आली. इंदुरात रंगपंचमीला गेर निघते. टँकरच्या टँकर रंग, तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणाऱ्या पिचकाऱ्या, हजारो माणसं, टोरी कॉर्नरहून राजवाड्याकडे जाणारा लोंढा. ते घर या वाटेपासून इतकं जवळ होतं, की काकूंनी आम्हाला गॅलरीतून बघायला बोलावलं. यांच्या यादीतली शेवटची अट काय होती आठवतं ना? शेजार शांत. आता यजमान सगळ्यांना सांगत होते, “घरातून गेर दिसते!” अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या रात्रभर जातात तेही तिथं ऐकू येतं. ढोल पहाटेपर्यंत. हा दोष नसून सोय आहे, अशी यांची खात्री झाली होती.

गेरच्या दिवशी घराचे सतराही मालक आले होते. बायका-मुलं धरून साठेक माणसं. ओसरीत पोहे-जलेबीची परात, मुलांचे हात कोपरापर्यंत जांभळे, आणि एकमेकांवर दावा लावलेल्या दोन शाखा एकाच घमेल्यातून गुलाल घेत होत्या. गॅलरीत तीस जण शिरले तेव्हा भाचा खालून ओरडत होता, “दहाच्या वर नको! दहाच्या वर नको!” आणि वरचे लोक त्याला ‘आगे बढो’ समजून हात हलवत होते. गॅलरी कुरकुरली, पण टिकली. खालून रंगाचा एक फवारा आला आणि जाफरीतून गाळून यांच्या अंगावर गुलाबी ठिपक्यांची नक्षी उमटली. ती त्यांनी दुपारपर्यंत पुसली नाही.

मालकांतला एक न्यू जर्सीहून आलेला. बावीस वर्षांनी. सह्या करून टाकायच्या आणि मोकळं व्हायचं म्हणून. तो दुपारी ओसरीत एकटाच फिरत होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. त्यानं झोपाळ्याच्या कड्या हातानं ओढून पाहिल्या. खचलेल्या फरशीवर पाय ठेवून पाहिला. मग आत आला, भिंतीतलं कपाट उघडलं आणि दाराच्या आतली बाजू वाचत उभा राहिला. शेवटी बोट एका ओळीवर ठेवून मला म्हणाला, “पणजी. हा पंचा तिनं मरेपर्यंत मागितला म्हणे.”

त्या क्षणी मला कळलं, की घर गेलं.

पंधरा दिवसांनी भियाचा फोन आला. सोळा सह्या झाल्या, सतरावी होत नाही. न्यू जर्सीवाल्याला आता विकायचं नाही. तो दुरुस्त करणार आहे, वर्षातून महिनाभर येऊन राहणार आहे, बाकीच्यांना हिस्से देऊन टाकणार आहे. “मैंने तो पहले ही बोला था, आपके काम का नी है,” भिया म्हणाला आणि लगेच स्कीम नंबर एकशे चाळीसमधला एक थ्री बीएचके सुचवला. आईंनी त्या संध्याकाळी शिरा केला. बदाम घालून.

आम्ही तो एकशे चाळीसमधला फ्लॅट बघून आलो. चांगला आहे. तिन्ही खोल्यांना लेट-बाथ अटॅच, लिफ्ट दोन, उजेड भरपूर. यजमानांनी खिशात हात घातला आणि मग आठवलं, गोटी मल्हारगंजात मोरीच्या पोटात आहे. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवलेलं नाही. मल्टीची लिफ्ट अजून बंद आहे.

तेव्हा एक विनंती. इंदुरात, शक्यतो राजवाड्याच्या आसपास, कुणाचं जुनं घर विकाऊ असेल तर आम्हाला जरूर कळवावं. वारस कितीही असले तरी हरकत नाही, मात्र ते सगळे इंदुरातच राहणारे असावेत. पार्किंग नको, स्कूटर ओटल्याला टेकवू. फरशी उताराची असल्यास प्राधान्य. संडास कुठंही चालेल. फक्त फोन आमच्या घरच्या नंबरवर करू नये, तो आई उचलतात.